साडेतीनशे रुपयांचा हिशेब



जिल्हा बैठकीपुढे यावेळी एकच प्रश्न ठेवायचा आहे. कांद्याचे अनुदान मागायचे की नाही, आणि मागायचे तर कोणत्या तोंडाने मागायचे?

प्रश्न सोपा वाटतो, पण गावोगावच्या बैठकांत याच प्रश्नावर आपल्यात दोन तट पडतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, आपण 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत मोठे झालो, आता अनुदानाच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे केलेले सगळे पुसून टाकायचे. तरुण पोरे म्हणतात, तत्त्वाने सोसायटीचा हप्ता भरत नाही, मिळते ते पदरात पाडून घ्या. दोघांचेही म्हणणे आम्ही नीट ऐकले आहे. दोघेही अर्धे बरोबर आहेत. उरलेले अर्धे समजण्यासाठी २०२३ सालच्या साडेतीनशे रुपयांचा हिशेब पुन्हा एकदा मांडावा लागेल. तो आजवर कोणी पुरता मांडलेला नाही. सरकारने नाही, आणि आपणही नाही.

साडेतीनशे आले कसे?

फेब्रुवारी २०२३ मधले भाव कोणाला आठवत नाहीत? लेट खरिपाचा लाल कांदा एकदम बाजारात आला. हा कांदा चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांद्यासारखा चार-सहा महिने झाकून ठेवून भावाची वाट पाहता येत नाही. काढला की विकायचा, नाहीतर शेतातच सडवायचा. लासलगावपासून मनमाड-येवल्यापर्यंत ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि लिलावात चारशे-पाचशेच्या बोल्या होऊ लागल्या. त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि सगळी कपात जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. सगळ्या देशाने तो चेक पाहिला आणि हळहळून पान उलटले.

मार्चमध्ये दिंडोरीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला. मागणी होती क्विंटलला ६०० रुपयांची. सरकारने ३०० जाहीर केले. लोक चालतच राहिले, तेव्हा ३५० झाले. मोर्चा वाशिंदला थांबला, तिथे त्यातल्या एका शेतकऱ्याचा मृत्यूही झाला. म्हणजे वरचे ५० रुपये कोणाच्या दयेचे नाहीत, ते पायांनी मिळवलेले आहेत. आणि चालणाऱ्यांत सुरगाणा-पेठकडचे आदिवासी बांधव मोठ्या संख्येने होते, ज्यांच्या शेतात कांद्यापेक्षा भात आणि नागलीच जास्त. कांदेवाल्यांनी हे विसरू नये.

पुढे शासन निर्णय निघाला. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे कितीही पिकवा, वरची हद्द ७० हजार रुपये.

ही काही पहिली वेळ नव्हती. २०१६ साली जुलै-ऑगस्टमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे १०० रुपये मिळाले होते. २०१८ च्या शेवटी भाव कोसळले, निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले, तेव्हा २०० रुपये मिळाले. १००, २००, ३५०. दर वेळी आकडा वेगळा, विक्रीच्या तारखा वेगळ्या. तिन्ही वेळा एकच गोष्ट सारखी राहिली: २०० क्विंटलची हद्द. आकडा उत्पादन खर्चावरून ठरला, असे एकदाही झाले नाही. तो ठरला आरडाओरडा किती झाला त्यावरून.

पैसे कधी, आणि कोणाला?

आता देण्याची तऱ्हा पाहा. कांदा विकला फेब्रुवारी-मार्चमध्ये. अर्ज झाले एप्रिलमध्ये. राज्यभराची मागणी झाली सुमारे साडेआठशे कोटींची, आणि पुरवणी मागणीत तरतूद झाली ४६५ कोटी ९९ लाखांची. निम्म्याहून थोडी जास्त. मग ज्या जिल्ह्यांची मागणी १० कोटींच्या आत होती त्यांना पूर्ण रक्कम आणि ज्यांनी सगळ्यात जास्त कांदा पिकवला त्या नाशिकसारख्या जिल्ह्यांना हप्ते, असा तोडगा निघाला. पहिला हप्ता सप्टेंबर २०२३ मध्ये, तोही १० हजार रुपयांपर्यंतचा. पुढचे हप्ते नंतर. आणि छाननीत अडकलेल्या साडेचौदा हजारांवर शेतकऱ्यांसाठी २८ कोटींची मंजुरी निघाली ती ऑगस्ट २०२५ मध्ये! त्यातले निम्म्याहून अधिक शेतकरी आपल्याच जिल्ह्यातले. २०२३ च्या फेब्रुवारीत विकलेल्या कांद्याचे पैसे अडीच वर्षांनी. तोवर त्या शेतात कांद्याची किती पिके येऊन गेली, ज्याचे त्याने मोजावे.

सावकाराचा दर आपल्या भागात शेकडा दोन धरला, तरी मार्चमध्ये मिळायला हवे असलेले ५० हजार सप्टेंबरात मिळाले की ६ हजार व्याजात गेले. सोसायटीचा हप्ता मार्चअखेर भरावा लागतो. सरकारच्या देण्याला मार्चअखेर नसते.

आणि कोणाला मिळाले? ज्याच्याकडे विक्रीची पट्टी, सातबारा, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आणि बँकेचे खाते आहे, त्याला. कागदावर हे रास्तच दिसते. पण आपल्या गावात कांदा कागदावर पिकत नाही. ई-पीक पाहणीत नोंद नसलेल्यांचा लोंढा एवढा निघाला, की शेवटी अट सैल करून तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांच्या समितीकडे पडताळणी द्यावी लागली. सातबारा बापाचा आणि पट्टी मुलाच्या नावाची, म्हणून प्रतिज्ञापत्रे करावी लागली. ज्यांनी खळ्यावरच व्यापाऱ्याला माल दिला, त्यांच्याकडे बाजार समितीची पट्टीच नाही, ते बाद. जे बटाईने करतात त्यांचे नाव सातबाऱ्यावर कधीच नसते. तोटा त्यांचा आणि अनुदान मालकाचे.

त्या एप्रिलमध्ये आम्ही जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या आवारात अर्ज भरून द्यायला बसलो होतो. एक विधवा बाई आल्या. जमीन सासऱ्यांच्या नावावर, सासरे वारलेले, वारसनोंद झालेली नाही. कांदा त्यांनीच लावला, त्यांनीच निंदला, त्यांनीच कापला. ट्रॅक्टरवाल्याने विचारले कोणाच्या नावावर पट्टी करू, तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाची पट्टी झाली होती. त्या पट्टीमुळेच अर्ज बाद झाला. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "मावशी, नाव जुळत नाही, मी काय करू?" त्यालाही काही करता येत नव्हते, ही खरी अडचण आहे. पैसे देण्याचा नियमच असा केला होता, की ज्याने राबायचे त्याचे नाव त्यात बसू नये.

आता १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. ओळख क्रमांकही जमिनीच्या खात्यावरूनच निघतो. म्हणजे त्या बाईंची वारसनोंद आणि बटाईदाराचा प्रश्न होता तिथेच आहे, फक्त खिडकीच्या जागी संगणक आला.

वहीतला हिशेब

कृषी महाविद्यालयात आम्हाला उत्पादन खर्चाची कोष्टके शिकवली होती. खर्च काढायचे सूत्र सोपे असते, फक्त त्यात घरच्या माणसांची मजुरी धरायची असते, आणि नेमकी तीच कोणी धरत नाही. उळे टाकण्यापासून बघा: रोपवाटिका, नांगरट, सरी-वाफे, लागवडीची मजुरी, खते, करप्याच्या आणि फुलकिड्यांच्या फवारण्या, दोन निंदण्या, पाणी, वीज, काढणी, कापणी, गोणी किंवा ट्रॉली, आणि बाजारापर्यंतची वाहतूक. आपापल्या वहीत आपापले आकडे भरा. कोणाचा खर्च क्विंटलला हजार निघेल, कोणाचा बाराशे, पाण्याची ओढाताण असेल त्याचा आणखी जास्त. सोयीसाठी हजारच धरू.

भाव मिळाला ५००. तोटा क्विंटलला ५००. त्यात अनुदान ३५०. तरीही १५० रुपये अंगावर. हे झाले ज्याचा कांदा २०० क्विंटलच्या आत बसला त्याचे. ज्याने तीन एकरांत ३०० क्विंटल काढला त्याचा तोटा दीड लाख, अनुदान ७० हजार, अंगावर ८० हजार. आणि हा मोठा जमीनदार नव्हे, तीन एकर कांदा करणारा साधा बागायतदार आहे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यात खुली होती. त्या महिन्यातली पडझड निर्यातबंदीने झाली नव्हती. माल जास्त आला, गरम हवेने लवकर आला, आणि टिकाऊ नव्हता. सरकारवर जे पाप नाही ते त्याच्या माथी मारायचे नाही. आपल्या पत्रकात चुकीचा आकडा एकदा छापला, की बरोबरचे दहा आकडेही कोणी वाचत नाही. मग आमची तक्रार काय आहे? ती पुढच्या सहा महिन्यांत आहे.

एका हाताने देणे, दुसऱ्या हाताने घेणे

लाल कांद्यात मार खाल्लेल्या शेतकऱ्याने उन्हाळ कांदा चाळीत भरला. हिशेब असा, की पावसाळ्यात भाव सुधारेल आणि मागचा खड्डा भरून निघेल. शेतीत एवढाच एक विमा आपल्याकडे असतो: वाईट महिन्याची भरपाई चांगल्या महिन्यात. ऑगस्टमध्ये भाव खरोखरच सुधारू लागले. आणि १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले.

४० टक्के म्हणजे किती? परदेशी जाणाऱ्या कांद्याची किंमत किलोला २० रुपये धरली, तर शुल्क ८ रुपये. क्विंटलला ८०० रुपये! निर्यातदार हे पैसे स्वतःच्या घरून भरत नाही. दुबईचा ग्राहक पाकिस्तानचा कांदा घेऊ शकतो, तोही जास्तीचे सगळे भरत नाही. शेवटी निर्यातदार लिलावात बोली कमी करतो, आणि त्याची बोली खाली आली की देशात विकणाऱ्याची बोलीही खाली येते. म्हणजे शुल्क भरले निर्यात होणाऱ्या कांद्याने, पण भाव उतरला बाजारातल्या सगळ्याच कांद्याचा.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. ज्या सप्टेंबर २०२३ मध्ये अनुदानाचा पहिला हप्ता आपल्या खात्यावर आला आणि मंत्र्यांच्या हस्ते वाटपाचे फोटो छापून आले, त्याच सप्टेंबरात ४० टक्के शुल्क चालू होते आणि व्यापाऱ्यांच्या संपामुळे नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले होते. साडेतीनशे द्यायचे आणि आठशे काढून घ्यायचे. याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात.

कोणी म्हणेल, त्याच वेळी नाफेडने २४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली होती. केली होती. पण त्या साठ्याचे पुढे काय होते? शहरात भाव चढला की तोच कांदा स्वस्तात बाजारात ओततात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो २५ रुपये किलोने विकायला काढला. ग्राहकाला स्वस्त कांदा मिळू नये असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. मुंबईतला गिरणी कामगार असो की नाशिकच्या सातपूरमधला कंत्राटी कामगार, तोही आपलाच माणूस आहे. पण त्याला स्वस्त खाऊ घालायचे तर तिजोरीतून खाऊ घाला. आमच्याच कांद्याने आमचाच भाव पाडून त्याला पुण्य म्हणू नका.

पुढचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. २८ ऑक्टोबर २०२३ ला टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबर २०२३ ला सरळ निर्यातबंदी, आणि काही आठवड्यांत लासलगावचे भाव निम्म्यावर. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी, नाशिकचा लाल कांदा दारात उभा. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू. १३ सप्टेंबर २०२४ ला शुल्क २० टक्क्यांवर. आणि शुल्क शून्यावर आले ते १ एप्रिल २०२५ पासून. १९ ऑगस्ट २०२३ ते ३१ मार्च २०२५. या काळात आपल्या कांद्याची निर्यात एकही दिवस पूर्ण मोकळी नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये ज्याच्याकडे २०० क्विंटल कांदा होता आणि ज्याचे क्विंटलमागे फक्त हजार रुपये बुडाले, त्याचे २ लाख गेले. त्याबद्दल क्विंटलला एक रुपयाचेही अनुदान निघाले नाही. लक्षात घ्या, निसर्गाने आणि बाजाराने मारले तेव्हा सरकारने साडेतीनशे दिले. सरकारने स्वतः मारले तेव्हा काहीच दिले नाही.

आणि याची सुरुवात २०२३ ला झाली असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी. जून २०२० मध्ये वटहुकूम काढून कांदा-बटाटा जीवनावश्यक वस्तूंच्या नियंत्रणातून मोकळा केल्याचा गाजावाजा, आणि १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा निर्यातबंदी. ऑक्टोबरमध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन साठ्याची मर्यादा. मोकळीक जेमतेम शंभर दिवस टिकली. राज्यकर्ते बदलले, झेंडे बदलले, कांद्याचा भाव चढला की दिल्लीचा हात मात्र त्याच कळीवर जातो. दिल्लीत १९९८ साली कांद्याने सरकार पाडल्याची धास्ती सगळ्याच पक्षांनी घेतली आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही मतदारसंघांनी सत्ताधाऱ्यांना पाडले. पण कांदा खाणाऱ्याच्या मताची जेवढी धास्ती घेतली जाते, तेवढी कांदा पिकवणाऱ्याच्या मताची अजून घेतली जात नाही.

भीक कोणाची आणि देणे कोणाचे?

आता जुन्या कार्यकर्त्यांकडे वळू. तुमचा राग आम्हाला मान्य आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये खेरवाडीला रेल्वेरुळावर बसलेल्यांवर गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. ते अनुदानासाठी गेले नव्हते. शरद जोशींनी आपल्याला जे शिकवले त्याचा गाभा असा होता की सरकार शेतकऱ्याला देते ते दिसते, काढून घेते ते दिसत नाही, आणि काढून घेतलेले दिलेल्यापेक्षा जास्त असते. त्यांनी याला उणे सबसिडी म्हटले. तेव्हा पंडितांनी नाके मुरडली. २०१८ साली ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने भारतीय शेतीचा अभ्यास करून हेच लिहिले. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, खत-वीज-पाण्याची सगळी अनुदाने जमेस धरूनही, भारतीय शेतकऱ्याला मिळणारा आधार सरासरी उणे १४ टक्के. १०० रुपयांच्या उत्पन्नामागे १४ रुपये शेतकऱ्याकडूनच गेले.

मग ज्याने आपल्या खिशातून १४ काढले, त्याच्याकडून ३ परत मागणे ही भीक कशी होईल? ही वसुली आहे. चूक मागण्यात नाही. चूक आपण ते 'अनुदान' म्हणून मागतो आणि मिळाले की हात जोडतो, यात आहे. २०२३ साली आपल्यातल्याच काहींनी चौकात आभाराचे फलक लावले. ज्या कर्जदाराने ८०० घेऊन ३५० परत केले त्याच्या आभाराचा फलक कोणी लावतो काय?

आणि तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे. मिळते ते जरूर घ्या, एक रुपया सोडू नका. पण "मिळते ते घ्या" एवढेच म्हटले तर कधी, किती आणि कोणाला हे तिघेही देणाऱ्याच्या मर्जीवर राहतात. मर्जीचे पैसे निवडणुकीच्या आधी येतात, तोट्याच्या आधी येत नाहीत. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार, राज्याच्या नमो सन्मान योजनेचे ६ हजार. १२ हजार झाले. डिसेंबर २०२३ च्या हिशेबाने हे १२ क्विंटल कांद्यावर एका दिवसात गेले.

दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेचे उदाहरण द्यायला आम्हाला फारसे आवडत नाही, कारण तिथला शेतकरी आणि आपला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०१८ साली तिथल्या सरकारने चीनशी व्यापारयुद्ध सुरू केले. चीनने उलट अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावले आणि सोयाबीनचा भाव पडला. त्या सरकारने त्याच जुलैत १२ अब्ज डॉलरपर्यंतची भरपाई जाहीर केली, सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट असा दर ठरवला, आणि सप्टेंबरात पैसे वाटायला सुरुवात केली. म्हणजे धोरण आमचे, तोटा तुमचा, तेव्हा भरपाई आमची, एवढे तरी त्यांनी कबूल केले. त्यातही दोष होते. मोठ्या शेतांनाच मोठा वाटा गेला, यावर तिथे टीका झाली. तेव्हा आपण हद्द ठेवायला तयार आहोत. पण हद्द खर्चाशी आणि तोट्याशी जोडलेली असावी, १९१६ ची चप्पल २०२३ च्या पायात घालावी तशी २०१६ चे २०० क्विंटल पिढ्यान्‌पिढ्या चालवू नयेत.

जवळचे दुसरे उदाहरण मध्य प्रदेशचे. २०१७ साली त्यांनी भावांतर योजना आणली. ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकार देणार. हेतू चांगला होता, पण फरक सरकार भरणार हे कळल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणून फरकाची रक्कम प्रत्येकाच्या पट्टीवरून नव्हे, तर अनेक बाजारांच्या सरासरीवरून काढावी, असे आमचे मत आहे. चांगल्या प्रतीचा माल आणणाऱ्याचे नुकसान होणार नाही आणि गोल्टी आणून जास्त फरक उकळता येणार नाही.

आणि नियम नाही असेही नाही. कांदा केंद्राच्या हमीभावाच्या २२ पिकांत नाही. पण नाशवंत मालासाठी बाजार हस्तक्षेप योजना आहे. २०२५ च्या सुधारित नियमांप्रमाणे भाव मागच्या सर्वसाधारण वर्षापेक्षा किमान १० टक्क्यांनी उतरला, तर राज्य सरकारच्या मागणीवरून ती लागू होऊ शकते, आणि खरेदी न करता भावातला फरक थेट खात्यावर द्यायचीही त्यात सोय आहे. पण मागणी राज्याने करायची आहे. मुंबईने मागायचे नाही, दिल्लीने विचारायचे नाही, आणि दोघांनीही लासलगावला येऊन शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, हा खेळ आता ओळखला पाहिजे.

आमची चूक

२०२३ साली आम्ही तीन आठवडे अर्ज भरत बसलो. ते काम करायलाच हवे होते. पण त्याबरोबर एक वही ठेवायला हवी होती. किती अर्ज बाद झाले, का झाले, बटाईदार किती, बायकांच्या नावाच्या पट्ट्या किती, पैसे कोणत्या तारखेला आले. ती ठेवली नाही. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो तेव्हा आमच्याकडे घोषणा होत्या, आकडे नव्हते. सरकारला घोषणांची सवय आहे. आकड्यांची अजून नाही.

बैठकीपुढचे ठराव

१. निर्यातबंदी, निर्यातशुल्क, किमान निर्यात मूल्य किंवा साठ्याची मर्यादा यांपैकी काहीही लावले, तर त्याच आदेशात शेतकऱ्याच्या भरपाईचा दर आणि तारीख लिहिलेली असावी. भरपाईची तरतूद नसेल तर बंदीही नसावी.

२. बाजारामुळे भाव पडला तर राज्याने १५ दिवसांत बाजार हस्तक्षेप योजनेची मागणी केंद्राकडे पाठवावी. फरकाची रक्कम बाजारांच्या सरासरीवरून काढावी.

३. रक्कम विक्रीपासून ६० दिवसांत द्यावी. उशीर झाल्यास पीक कर्जाला लागते तेवढे व्याज शेतकऱ्यालाही द्यावे.

४. पट्टी ज्याच्या नावाची, पैसे त्याला. वारसनोंद अडलेल्यांसाठी, महिलांसाठी आणि बटाईदारांसाठी ग्रामसभेचा दाखला ग्राह्य धरावा.

५. २०० क्विंटलची हद्द काढून राहुरी कृषी विद्यापीठाच्या उत्पादन खर्चावर आधारलेली हद्द ठरवावी.

६. शासनाने या रकमेला 'अनुदान' म्हणणे बंद करावे. कागदावर 'भरपाई' लिहावे. आपण तरी आजपासून तसेच म्हणावे.

शेवटचा ठराव काहींना शब्दांचा खेळ वाटेल. पण ज्या दिवशी आपण भरपाई म्हणू, त्या दिवशी समोरच्याला नुकसान कोणी केले हे सांगावे लागेल. अनुदान म्हटले की त्याला फक्त फोटो काढावा लागतो.

बैठकीला येताना प्रत्येक गावाच्या शाखेने २०२३ च्या पट्ट्या, बाद झालेल्या अर्जांच्या पोचपावत्या आणि पासबुकातल्या जमा तारखा बरोबर आणाव्यात. ज्यांचे अर्ज बाद झाले त्यांना स्वतःला घेऊन यावे, बायकांना विशेष करून. या वेळी वही आम्ही आणतो आहोत. आकडे तुम्ही आणा.